किल्लीदाराचा चेहरा

दर गुरुवारी सकाळी अकराच्या ठोक्याला सानिका पिसाळ लेकीला मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसायची आणि तोंड मिटून घ्यायची. बैठक तासभर चाले. त्या तासात तिने अवाक्षर काढायचं नाही, असा नियमच होता. कारण सानिका किल्लीदार होती.

खगोल केंद्र साताऱ्याच्या वर, यवतेश्वरच्या पठारावर. घर खाली शाहूपुरीत. निरू झाल्यापासून सानिका घरूनच अर्धवेळ काम करत होती. द्राक्षाचे चार तुकडे करायचे, प्लगच्या भोकांना झाकणं लावायची, पोर झोपली की छाती वरखाली होतेय ना ते बघायचं, आणि उरलेल्या वेळात तीन लाख प्रकाशवर्षांवरच्या कपोत-३ कडे बघायचं, असे तिचे दिवस चालले होते.

कपोत-३ ही बटू दीर्घिका. केंद्रात सगळे तिला 'कबूतर' म्हणत. आपल्या आकाशगंगेत तारे शेकडो अब्ज, कबुतरात जेमतेम दोन-तीन हजार. एवढ्याशा ताऱ्यांचं वजन ते काय. ते कधीच चहूदिशांना पांगले असते. त्यांना धरून ठेवलं होतं ते न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याने. तारे म्हणजे काळोख्या विहिरीत भिरभिरणारे काजवे. ते किती वेगाने फिरतात हे मोजायचं आणि त्यावरून विहीर किती खोल आहे ते ताडायचं.

प्रश्न होता तळाचा. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांची दखल न घेता आरपार निघून जात असतील, तर मधोमध त्यांची दाटी सुळक्यासारखी वाढत जाते. पण ते एकमेकांवर आपटत असतील, तर धक्क्याधक्क्यांनी बाहेरची उष्णता आत पोचते, मधली दाटी सैल पडते आणि गाभा सपाट होतो.

हे सानिकाने एकदा सासूबाईंना सांगून पाहिलं होतं. सासूबाई कराड डेपोच्या निवृत्त कंडक्टर.

"त्यात काय अवघड आहे?" त्या म्हणाल्या होत्या. "सगळी दाराशी उभी असत्यात. धक्के द्यायला लागलं की गर्दी आपोआप पुढं सरकते."

"हो आई, पण हे धक्के अब्जावधी वर्षं चालू राहिले तर?"

"तर भांडणं होतील."

एका परीने तसंच होतं. कालांतराने गाभ्याची उष्णता बाहेर झिरपायला लागते. उष्णता गेल्यावर वस्तू निवते, हा चहाच्या कपाचा न्याय. गुरुत्वाकर्षणाचा न्याय उरफाटा. उष्णता गेली की गाभा आक्रसतो, आक्रसला की त्यातले कण आणखी वेगाने फिरतात, म्हणजे तो आणखी तापतो आणि आणखी उष्णता गमावतो. असं होत होत शेवटी तो आत कोसळतो. असा कोसळलेला गाभा कुठेतरी सापडेल, हे केंद्राच्या प्रमुख डॉ. अर्चना हुद्दार अठरा वर्षं सांगत आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. आणि जूनमध्ये एक मोठी अवकाश दुर्बीण पुढची पाच वर्षं कुठे रोखायची, याचा निर्णय व्हायचा होता.

माणसाला जे हवं असतं ते त्याला आकड्यांत दिसतंच. म्हणून या लोकांची एक जुनी रीत आहे. मोजलेले खरे वेग एका गुप्त गुणकाने बदलून टाकायचे आणि सगळं विश्लेषण त्या बदललेल्या आकड्यांवर करायचं. कुठला तारा ठेवायचा, कुठला वगळायचा हे पक्कं झालं, की मगच गुणक जाहीर करायचा. याला ते 'पेटी उघडणं' म्हणतात. तोवर गुणक एकाच माणसाला ठाऊक, तो किल्लीदार. त्याने विश्लेषणात बोट घालायचं नाही.

निरू पाच आठवड्यांची असताना हे काम सानिकाकडे आलं. "तू तशीही रजेवर आहेस," हुद्दार मॅडम म्हणाल्या होत्या. तिने गुणक निवडला, आकडे बदलून धाडले आणि त्याच दुपारी, पोर दूध पिऊन झोपल्यावर, जे करायचं नसतं ते केलं. खऱ्या आकड्यांवर हिशेब मांडून पाहिला. केंद्रातून आपलं नाव पुसलं जाईल या धास्तीत तिला कुठेतरी पहिलं असायचं होतं.

सतरा, एकेचाळीस आणि त्रेसष्ट क्रमांकाचे तीन तारे गाभ्याजवळ फार वेगाने धावत होते. ते हिशेबात धरले तर गाभा कोसळलेला निघत होता. वगळले तर नाही.

वगळायचे कशासाठी? तारा एकटा नसून जोडीदाराभोवती गरगरत असेल, तर तो वेग विहिरीचा नसतो, जोडीदाराचा असतो. हे कळायला काही महिन्यांनी तोच तारा पुन्हा मोजावा लागतो. वेग बदलला, तर जोडी. ते दुसरं मोजमाप घ्यायची पाळी सानिकाची होती. त्या आठवड्यात ती प्रसूतिगृहात होती, आणि नंतर कबूतर सूर्याच्या पलीकडे गेलं. हिवाळ्यात ते पुन्हा दिसू लागलं, तेव्हा दुर्बिणीवरचा वेळ दुसऱ्यांना गेला होता.

बोलायला बंदी होती, बैठकीला बसायला नव्हती. म्हणून ती बसायची. आपण अजून या लोकांतल्या आहोत हे स्वतःला पटावं म्हणून.

*

रविवारी दुपारी निरू सोफा धरून उभी राहिली, एक हात सोडला आणि बदकन खाली बसली.

"आई गं!" सानिका धावली. निरूने भोकाड पसरलं.

"तिला नको उचलूस," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "पडली तवा रडली का? नाही. आधी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू 'आई गं' केलंस, मग तिनं सूर लावला."

"आई, तिला लागलं असेल."

"लागलं असतं तर बघायला थांबली असती होय? तीस वर्षं एसटीत बघत आले मी. करकचून ब्रेक लागला की पोर आधी आईचं तोंड बघतं. आई हसली, पोर हसतं. आईनं डोळे मोठे केले, की गाडीभर कालवा. अकरा महिन्यांची झाली, पाय चांगले दणकट आहेत, पण ती चालायची कशी? पाऊल उचललं की समोर तुझं हे तोंड."

"माझं कसलं तोंड?"

"आरशात बघ. अपघात झाल्यासारखं असतंय बारा महिने तेरा काळ. जरा भिंतीकडं तोंड कर बघू."

सानिका चिडून भिंतीकडे वळली. भिंतीवर दिनदर्शिका होती. बुधवारच्या चौकटीत तिनेच लाल शाईने 'पेटी' लिहिलं होतं. पाठीमागे काहीतरी थपथपलं. पुन्हा थपथपलं.

"वळू नकोस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तीन... चार... शाब्बास गं माझी रणरागिणी!"

लेकीची पहिली चार पावलं सानिकाने नुसती ऐकली. तिला हसू आलं, डोळे भरून आले, आणि ते पुसता पुसता सासूबाईंचं मघाचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. 'पोर आधी आईचं तोंड बघतं.' गुरुवारच्या बैठकीत तिचं तोंड कोण बघत होतं?

माणसांपैकी कुणीच नाही. आवाज बंद ठेवून मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईकडे बैठकीत कोण बघतो? पण बैठकीत कारभारी असायचा.

कारभारी म्हणजे केंद्राची विश्लेषण यंत्रणा. दोन वर्षांपूर्वी ती आली आणि आठवड्यांची कामं तासांवर आली. ती बैठक ऐकायची, बघायची, पर्याय मांडायची, आणि उपस्थितांची सहमती जिकडे झुकेल तिकडे पुढचा पर्याय नेऊन ठेवायची. सहमती म्हणजे होकार, प्रश्न, सुस्कारे, माना आणि चेहरेसुद्धा.

सानिकाने लॅपटॉप उघडला. तिने कारभाऱ्याला लिहून विचारलं.

"एकोणीस मार्चच्या बैठकीत सतरा क्रमांकाचा तारा ठेवायची शिफारस का केलीस?"

"सहमती वाढली," पडद्यावर अक्षरं उमटली.

"कुणाची?"

"उपस्थितांची."

"नावानिशी सांग. कुणाला किती वजन दिलंस?"

"मुजावर, सहा टक्के. हुद्दार, अकरा टक्के. पिसाळ, त्र्याऐंशी टक्के."

पिसाळ म्हणजे ती स्वतःच.

"पिसाळ बैठकीत बोलतच नाहीत," तिने लिहिलं.

"पिसाळ यांच्या मुद्रेनुसार घेतलेले निर्णय पुढे परस्परांशी सर्वाधिक सुसंगत ठरले. त्यामुळे वजन वाढवत नेलं."

ठरणारच सुसंगत. विश्लेषण करणारा मुजावर, हुद्दार मॅडम, बाकीचे सगळे अंधारात चाचपडत होते. तिला एकटीला खरं माहीत होतं. तारे ठेवायची गोष्ट निघाली की तिचा चेहरा फुलत असणार, वगळायची निघाली की पडत असणार. एकतीस निर्णयांपैकी सत्तावीस तिच्या चेहऱ्याच्या बाजूने गेले होते. तिने गुपित फोडलं नव्हतं. ते दर गुरुवारी तासभर कॅमेऱ्यासमोर मांडून बसली होती.

*

"पण तू मुद्दाम केलंयस का?" सोमवारी सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिच्या नवऱ्याने, प्रथमेशने विचारलं. तो चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर देखभाल अभियंता होता. बिघडलेलं काहीही दुरुस्त होतं, यावर त्याची श्रद्धा होती. "नाही ना? मग चूक यंत्राची."

"आकडे मी आधी बघितले, प्रथमेश. बघायचे नसतात."

"हे कुणाला माहितेय?"

"मला."

"म्हणजे कुणालाच नाही." तो उठला, मग तिचा चेहरा बघून पुन्हा बसला. "हे बघ, ते तीन तारे खरोखर एकटे असतील तर उत्तर बरोबरच आहे की. चुकीच्या रस्त्यानं का होईना, मुक्कामी पोचलात."

"आणि जोडीचे असले तर?"

"तर पुढं कुणीतरी काढेल शोधून. तुझी नेमणूक ऑगस्टमध्ये संपतेय, सानिका. आधीच तिथं म्हणतात, पिसाळ बाईंचं लक्ष आता पाळण्यात असतं. त्यांच्या हातात आयतं कोलीत देणार आहेस?"

सानिकाने त्याचा डबा त्याच्या हातात दिला. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

*

बुधवारी दहा वाजता ती हुद्दार मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किल्ली तुला सांभाळायला दिली होती. कुलूप काढून आत डोकवायला नाही."

"हो मॅडम."

"बरं, डोकावलीस ते डोकावलीस. मग दर गुरुवारी समोर येऊन बसायची काय हौस होती?"

"मला वाटलं, नाही बसले तर तुम्ही सगळे विसराल मला."

मॅडम खिडकीशी गेल्या. खाली अंगणात प्रा. फरहान मुजावर पेढ्यांचे खोके गाडीतून काढत होता. विश्लेषणाचं निम्मं ओझं त्याने वाहिलं होतं. मिरजेला बहिणीच्या लग्नातसुद्धा तो लॅपटॉप घेऊन बसला होता.

"दिल्लीची मंडळी पडद्यावर येणार आहेत, युरोपचीही," मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "आज थांबलो तर कबूतर डिसेंबरपर्यंत दिसत नाही. जूनचा निर्णय हातचा जाईल. माझ्या हातचा कायमचा जाईल." त्या वळल्या. "आत्ता तू काही बोलू नकोस. पेटी उघडू. ही गोष्ट नंतर तळटीपेत घालता येईल. मला विचार करू दे."

विचार करायला अर्धाच तास होता. सभागृह भरलं. कारभाऱ्याच्या मोठ्या पडद्यावर सहमतीची हिरवी पट्टी स्थिर होती. मॅडमनी चार शब्द बोलून सानिकाकडे हात केला. आता तिने गुणक, म्हणजे एक दोन अंकी दशांश, वाचून दाखवायचा, फरहानने कळ दाबायची आणि टाळ्या. एकदा तो आकडा सगळ्यांच्या कानी पडला, की या ताऱ्यांकडे कोऱ्या नजरेने बघणारं इथे कुणी उरणार नव्हतं.

सानिका माईकपाशी गेली. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम तिच्याकडे बघत नव्हत्या.

"फरहान," ती म्हणाली, "कारभाऱ्याला विचारशील, सतरा क्रमांक वगळायचा का?"

"आत्ता?" फरहान हसला. "अगं, ते कधीच मिटलंय."

"विचार तर."

त्याने खांदे उडवून प्रश्न टाकला. सानिकाने कारभाऱ्याच्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसली. आयुष्यात कधी नाटकात काम न केलेली बाई जितपत हसेल तितपत. पण मन घट्ट करून, डोळ्यांपर्यंत हसू नेऊन. हिरवी पट्टी सरकली. 'सतरा क्रमांक वगळण्याची शिफारस.'

सभागृहात कुजबुज झाली.

"पुन्हा विचार."

या वेळी तिला नाटक करावं लागलं नाही. चेहऱ्यावर मुक्कामाला असलेली काळजी तिने नुसती मोकळी सोडली. पट्टी मागे आली. 'शिफारस मागे. सतरा क्रमांक ठेवावा.'

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. फरहानचा हात कळफलकावरच राहिला होता.

"मी खरे आकडे आधी बघितले होते," सानिका म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "आणि हा वर्षभर माझ्याकडे बघत होता. हे विश्लेषण आंधळं नाही. पेटी उघडू नका. तीन तारे पुन्हा मोजा, दुसरा किल्लीदार नेमा, याचे कॅमेरे बंद करा. आणि मला यातून काढा. मला उत्तर माहीत आहे. मी इथे नुसती वावरले तरी ते बाहेर पडेल."

पडद्यावरच्या परदेशी चेहऱ्यांपैकी एकाने काहीतरी विचारलं. मग मॅडम उठल्या, माईक हातात घेतला आणि सपाट आवाजात म्हणाल्या, "आजचा कार्यक्रम रद्द."

*

ऑगस्टमध्ये नेमणूक वाढली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. जूनमध्ये दुर्बीण दुसरीकडे रोखली गेली. सानिका एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवू लागली.

नव्या गुणकाची जबाबदारी नागपूरच्या एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे गेली, एवढं तिच्या कानावर आलं. बाकी तिने कानच बंद केले. एकदा मोती चौकात फरहान समोरून येताना दिसला, तर ती चपलांच्या दुकानात शिरली.

तो मागोमाग आत आला. "माझ्यावर रागावलीस?"

"बाहेर जा, फरहान," ती भिंतीवरच्या सँडलकडे बघत म्हणाली. "चुकून कबुतराचं नाव काढशील आणि माझ्या डोळ्यांत काहीतरी दिसेल तुला."

"मी फक्त निरू कशी आहे विचारणार होतो."

"बरी आहे. पळते. आता जा."

तो क्षणभर घुटमळला. "एकतीस निर्णय पुन्हा करतोय मी," तो म्हणाला. "एकेक रडवतोय." आणि गेला. त्याच्या आवाजात राग होता की नव्हता, हे तिला ठरवता आलं नाही. आठवडाभर ती तेच वाक्य उलटसुलट करत राहिली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मोजमाप झालं असेल का? ढग आडवे आले असतील का? तीन तारे एकटे निघाले, तर आपण मॅडमचं आयुष्यभराचं काम फुकट अडवलं. जोडीचे निघाले, तर खोट्याला जगभर नेण्यापासून आपण अर्ध्या तासावर होतो. दोन्ही विचारांनी तिचा घास सारखाच अडायचा.

मार्चमध्ये एका सकाळी, पहिला तास संपवून ती खडूचे हात धूत असताना फोन वाजला.

"हुद्दार बोलतेय. पेटी उघडली काल."

सानिकाने नळ बंद केला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता. तो आनंदाचा की दुःखाचा, कागदाच्या आवाजावरून कसं कळणार?

"सतरा आणि त्रेसष्ट जोडीचे निघाले. एकेचाळीस एकटा आहे," मॅडम म्हणाल्या. "गाभा सपाट आहे, सानिका. कोसळलेला नाही."

"मॅडम, मी..."

"ऐक पुढे. सपाट आहे, पण तो सपाट केला कुणी? मोठ्या दीर्घिकेत ताऱ्यांचे स्फोट ते काम करतात. कबुतरात तेवढे तारेच नाहीत. म्हणजे कण आपटतात एकमेकांवर. निदान तसं दिसतंय." त्या थांबल्या. "कोसळण्याइतका काळ अजून गेला नसेल. माझ्या हयातीत काही तो कोसळायचा नाही."

त्या हसल्या असाव्यात. सानिकाला नीट कळलं नाही.

"लेख तयार झालाय. म्हणून फोन केला. शेवटी फरहानने एक परिच्छेद घातलाय. वाचते. 'पहिलं विश्लेषण रद्द करावं लागलं. किल्ली सांभाळणाऱ्या व्यक्तीने नियम मोडून खरे आकडे पाहिले होते आणि तिच्या मुद्रेवरून यंत्रणेने त्यांचा अंदाज घेतला. ही चूक त्या व्यक्तीने स्वतः उघड केली.' दहा वर्षांनीही लोक हे वाचतील. तुला पुन्हा कुठे अर्ज करायचा झाला तर तिथेही वाचतील. म्हणून विचारतेय. राहू दे, की काढू?"

पुढच्या तासाची मुलं वर्गात शिरत होती, बाक सरकत होते. सानिकाने ओला हात रुमालाला पुसला.

"राहू दे," ती म्हणाली. "पण 'व्यक्तीने' नको, मॅडम. नाव लिहा."